विसरण्याच्या आजाराचं औषध आणि आपलं जंगल

(वनहक्क मेळाव्यात अभ्यासगटाने केलेली मांडणी. ग्रामसभेत वाचून दाखवावी.)



सकाळपासून आपण दाव्यांचं बोललो. कुणाचा प्लॉट मोजला, कुणाचा दावा उपविभागीय समितीत अडकून पडलाय, कुणी चार एकर कसतोय आणि हातात प्रमाणपत्र आलंय चार गुंठ्यांचं. आता औषधाचं बोलणार म्हटल्यावर काही जणांनी विचारलं, हा विषय मधेच कुठून आला? तो मधेच आलेला नाही. या वर्षी बऱ्याच पाड्यांवरून संघटनेकडे एकच प्रश्न आला. माणसं येतात, मोबाइलवर फोटो काढतात, म्हाताऱ्यांना विचारतात की विसरायचा आजार झाला तर तुम्ही काय देता, कुठली बी, कुठलं मूळ, कधी काढता, किती देता. त्यांना सांगायचं का नाही?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. औषधाची परीक्षा व्हायला आपला विरोध नाही. पण ती कुणाच्या परवानगीने, कुणाच्या नावाने आणि कुणाच्या जंगलातून होणार, हे ग्रामसभा ठरवील. आणि ज्या गावाच्या हातात जंगलाचा हक्क नाही, त्या गावाच्या हातात औषधाचा हक्क टिकत नाही. हे कसं, ते एकेक करून बघू.

आजार काय आहे

म्हातारपणी थोडं विसरायला होतंच. कोयता कुठे ठेवला आठवत नाही, नातवाला हाक मारताना मुलाचं नाव तोंडात येतं. साठी बुद्धी नाठी म्हणून आपण हसून सोडून देतो. पण काही माणसांचं तेवढ्यावर थांबत नाही. जन्मभर ज्या वाटेने नदीवर गेला त्याच वाटेवर माणूस हरवतो, आणि आपण म्हणतो चकवा लागला. जेवून उठल्यावर मला जेवायला दिलं नाही म्हणून भांडतो. घरच्या माणसांना ओळखत नाही. पुढे पुढे अंगावरच्या कपड्याचंही भान राहत नाही.

बायांनो, भावांनो, ही करणी नाही. भुताळीचं काम तर मुळीच नाही. अशा आजारावरून कुठल्याही बाईकडे बोट दाखवायचं नाही, हे संघटनेने आधीच ठरवलेलं आहे. हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मनीचे डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली तो पहिल्यांदा मांडला, म्हणून ते नाव पडलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभर म्हाताऱ्या माणसांत सात-आठ. आणि त्याच पाहणीत शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा बायांत प्रमाण जास्त निघालं. म्हणजे हा श्रीमंतांचा, शहरातला आजार आहे असं समजू नका.

एक गोष्ट इथेच सांगतो. सगळं विसरणं म्हणजे अल्झायमर नाही. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, डोक्याला लागलेला मार, दारू, मनाची उदासी, यांनीही माणूस विसरतो, आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं विसरणं वाढलं तर झाडपाला देण्याआधी रक्त तपासून घ्या. तो आपला हक्क आहे.

अल्झायमर मुळापासून बरा करणारं औषध मात्र आज जगात कुठेच नाही. आहेत त्या गोळ्या काही काळ थोडा आधार देतात. काही नवी इंजेक्शनं आजाराची चाल थोडी धिमी करतात, पण त्यांची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही. आजार मोठा, औषध नाही. म्हणून विद्यापीठं आणि कंपन्या झाडपाल्याकडे वळल्या आहेत, आणि म्हणून ती माणसं आपल्या पाड्यावर येतात.

आपल्याकडे काय आहे

मालकांगोणी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या झाडावर चढणारा वेल, पिवळी फळं, तडकली की आत लालभडक गरात बसलेल्या बिया. त्या बियांचं तेल सांधे धरले तर चोळतात, आणि डोक्याला चांगलं म्हणून थेंबाथेंबाने पोटातही देतात. आयुर्वेदात हिला ज्योतिष्मती म्हणतात. ओहोळाच्या काठाला, ओल्या बांधावर पसरणारा गोल पानांचा कारिवणा, तोच आयुर्वेदातला मंडूकपर्णी. नीरब्राह्मी ही वेगळी, पाणथळ जागी वाढणारी, बारीक जाडसर पानांची. बाजारात ब्राह्मी मागितली तर कुठे कारिवणा मिळतो, कुठे नीरब्राह्मी. शंखपुष्पीचं तर विचारूच नका. एका भागात एका वनस्पतीला शंखपुष्पी म्हणतात, दुसऱ्या भागात विष्णुक्रांतेला, आणि केरळात गोकर्णीला.

यातून एक गोष्ट कळते. एका नावाची दोन झाडं असतात आणि एका झाडाची चार नावं. नुसतं नाव सांगून औषधाची परीक्षा होत नाही. कुठल्या झाडाचा कुठला भाग, कुठल्या महिन्यात काढलेला, कसा वाळवलेला, किती आणि कशाबरोबर दिलेला, हे सगळं लागतं. हे सगळं कुणाला माहीत आहे? आपल्या भगताला, वैदूला, आजीला. म्हणजे ते विचारायला येतात ते झाडाचं नाव नाही. ते सगळं शास्त्र विचारतात.

आता खरं ते बोलू. आपल्या जुन्या माणसांनी हा पाला दिला तो मंदावलेल्या पोराला, अंगात त्राण नसलेल्याला, आजारातून उठलेल्याला, डोकं थाऱ्यावर नसलेल्याला. अल्झायमर हे नाव त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे आदिवासी वैदू अल्झायमर बरा करतात असं कुणी लिहून घेत असेल तर त्यावर अंगठा देऊ नका. ते आपण म्हटलेलं नाही.

शास्त्रज्ञांना आतापर्यंत काय दिसलंय तेही ऐका. नीरब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत बरीच वर्षं काम झालं. निरोगी माणसांवरच्या काही लहान चाचण्यांत दोन-तीन महिने घेतल्यावर आठवण ठेवण्यात थोडा फरक दिसला. पण अल्झायमर झालेल्या माणसाला ती बरी करते असं सिद्ध झालेलं नाही. मालकांगोणीच्या तेलाने उंदरांची आठवण सुधारल्याचं काही चाचण्यांत दिसलं. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

परीक्षा कशी होते

ही परीक्षा समजून घेतली पाहिजे, म्हणजे कोण खरं काम करतोय आणि कोण नुसता माल उचलायला आलाय ते ओळखता येईल.

पहिली पायरी ओळखीची. झाडाची फुलाफळासकट डहाळी दाबून, वाळवून कागदावर चिकटवतात, त्यावर गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहितात आणि वनस्पती संग्रहात ठेवतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाकडे असा मोठा संग्रह आहे. जो माणूस नमुना न ठेवता पोतं भरून बी नेतो, तो संशोधन करत नाही, व्यापार करतो.

दुसरी पायरी काचेच्या नळीतली. आपल्या मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे रस असतात. त्यातला एक रस अल्झायमरमध्ये कमी पडतो. शरीरात त्या रसाला मोडून टाकणारं एक द्रव्यही असतं. झाडाचा अर्क त्या मोडणाऱ्याला आवरतो का, हे बघतात. आवरलं तर असलेला रस जास्त वेळ टिकतो.

तिसरी पायरी उंदरांची. उंदराला पाण्याच्या हौदात सोडतात, पाण्याखाली एक लपवलेला ओटा असतो, तो कुठे आहे हे उंदीर काही दिवसांत शिकतो. मग त्याला विसरायला लावणारं औषध देतात. हे औषध कुठलं? स्कोपोलामिन. ते धोतऱ्यात असतं. धोतरा पोटात गेला की माणूस कसा भ्रमिष्टासारखा बडबडतो ते आपल्याला ठाऊक आहे, तेच उंदराचं होतं. मग झाडाचा अर्क देऊन बघतात, त्याला ओटा सापडतो का.

चौथी पायरी माणसांची, आणि ती सगळ्यात अवघड. आधी थोड्या निरोगी माणसांवर, औषधाने अपाय होत नाही ना ते बघायला. मग थोड्या रोग्यांवर. मग शेकडो-हजारो रोग्यांवर. अर्ध्यांना खरं औषध देतात, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कुणाला काय दिलं ते रोग्यालाही माहीत नसतं आणि तपासणाऱ्यालाही नसतं. असं का? कारण औषध घेतलं या नुसत्या समाधानानेही माणसाला बरं वाटतं. ते समाधान वजा केल्यावर काय उरतं, ते बघायचं असतं.

या चाळणीतून बहुतेक झाडं गळतात. जिंको नावाचं चीनमधलं झाड आहे. त्याच्या पानांचा अर्क आठवणीसाठी म्हणून जगभर विकला जातो. अमेरिकेत ७५ वर्षांच्या पुढच्या ३,०६९ माणसांना सुमारे सहा वर्षं तो अर्क किंवा खोटी गोळी देऊन बघितली. २००८ साली निकाल आला. जिंको घेणाऱ्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत २४६ जणांना. म्हणजे त्या अर्काने आजार टळला नाही. तरी बाजारात डबे विकले जातातच.

यातून आपण काय घ्यायचं? आपल्या औषधाची खरी परीक्षा झाली तर तिचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. ते ऐकायची तयारी ठेवली पाहिजे. मालकांगोणी अल्झायमरवर चालत नाही असं निघालं म्हणून आजीचं सांधेदुखीचं तेल खोटं ठरत नाही, आणि आपला मानही कमी होत नाही. उलट उत्तर आपल्यापर्यंत आलंच नाही, तर तो अपमान आहे.

दोन झाडं चाळणीतून पार झाली

आज अल्झायमरला ज्या गोळ्या देतात त्यातल्या दोघींचं मूळ झाडात आहे.

पहिलं झाड काकेशस आणि बल्गेरियाकडचं. बर्फ वितळताना उमलणारं एक लहान पांढरं फूल, स्नोड्रॉप म्हणतात त्याला. तिकडचे गावकरी त्याचा कंद दुखण्यावर वापरायचे असं सांगतात. १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन शास्त्रज्ञांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढून अभ्यासलं, बल्गेरियात त्याचं औषध झालं. तेच द्रव्य म्हणजे गॅलंटामिन. २००१ साली अमेरिकेत ते अल्झायमरसाठी मान्य झालं.

दुसरं झाड पश्चिम आफ्रिकेतलं, नायजेरियातल्या कालाबार भागातलं. तिथले एफिक लोक त्याची बी दिव्य करायला वापरत. ज्याच्यावर चेटकाचा आळ आला त्याला ती विषारी बी खायला लावत. मेला तर दोषी, वांती होऊन वाचला तर निर्दोष. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १८६४ साली त्या बीतलं द्रव्य वेगळं काढलं. पुढे त्याच्या घडणीवरून कारखान्यात रिव्हास्टिग्मिन हे औषध बनवलं. ते २००० साली अमेरिकेत मान्य झालं.

त्या बल्गेरियन गावांना, त्या एफिक लोकांना यातून काय मिळालं? ज्या काळात ती माहिती घेतली गेली तेव्हा असा वाटा द्या म्हणणारा कायदाच नव्हता. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आज ही दोन्ही औषधं कारखान्यात बनवता येतात. एकदा का झाडातलं द्रव्य कळलं, की झाड नसलं तरी चालतं, जंगल नसलं तरी चालतं, आणि जंगलातला माणूस तर नाहीच लागत. म्हणजे आपल्याला जे बोलायचं ते सांगण्याच्या आधी बोललं पाहिजे. सांगून झाल्यावर आपल्या हातात फार थोडं उरतं.

काणी लोकांचं काय झालं

आपल्याच देशातलं एक उदाहरण आहे. औषध आठवणीचं नाही, थकव्याचं आहे, पण धडा आपला आहे.

केरळच्या अगस्त्यमलै डोंगरात काणी आदिवासी राहतात. १९८७ साली शास्त्रज्ञांचं एक पथक तिथे गेलं. वाट दाखवणारे काणी तरुण एका झाडाची फळं खात चालत होते आणि दमत नव्हते. शास्त्रज्ञांनी विचारलं. आधी ते सांगायला तयार नव्हते, मग सांगितलं. ते झाड म्हणजे आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने त्यावर अभ्यास करून 'जीवनी' नावाचं औषध तयार केलं. १९९५ साली कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक औषध कंपनीला सात वर्षांसाठी ते बनवायचा परवाना दिला, दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के घेऊन. त्यातला निम्मा वाटा काणी समाजाला द्यायचं संस्थेने ठरवलं. १९९७ साली काणींचा न्यास नोंदला, १९९९ साली पैसे त्याच्याकडे आले. जगात अशी उदाहरणं तेव्हा फार थोडी होती, म्हणून त्याचं कौतुकही झालं.

पण पुढचं ऐका. काणींमधले जे पारंपरिक वैद्य आहेत, त्यांना प्लाथी म्हणतात, त्यांच्यातल्या काहींनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, हे ज्ञान जपलं आम्ही, आम्हाला विचारलं कुणी? म्हणजे दोन-तीन जणांनी सांगितलं आणि सगळ्या समाजाचं झालं, यावरून आपसात फूट पडली. दुसरं त्याहून मोठं. औषधाला पाला लागायचा. काणी कुटुंबं पाल्याची लागवड करायला तयार होती, काहींनी केलीही. पण जमीन वन खात्याची. खात्याने तिथे लागवड करून पाला विकायला परवानगी दिली नाही. पाला मिळेना, औषध बनेना.

बघा म्हणजे. ज्ञान काणींचं आहे हे सगळ्यांनी मान्य केलं. वाटा दिला. सन्मान केला. पण पायाखालची जमीन त्यांच्या नावावर नव्हती, म्हणून स्वतःचं झाड स्वतःच्या डोंगरात लावून विकता आलं नाही. म्हणून आम्ही म्हणतो की औषधाचा प्रश्न हा दाव्याचाच प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो

वनहक्क कायदा २००६ आपण जमिनीसाठी वाचतो. त्यातलं कलम ३ (१) पुन्हा वाचा. त्यात 'सी' मध्ये गौण वनउपजाची मालकी आहे. औषधी वनस्पती, मुळं, कंद हे सगळं कायद्याच्या व्याख्येत गौण वनउपजच आहे. 'आय' मध्ये सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा, वाढवण्याचा, तिची व्यवस्था बघण्याचा हक्क आहे. आणि 'के' मध्ये स्पष्ट लिहिलंय, की जैवविविधता आणि तिच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान यांवर समाजाचा सामूहिक बौद्धिक हक्क आहे. आपल्यातल्या किती गावांनी दाव्याच्या फॉर्मवर या 'के' पुढे काही लिहिलंय? बहुतेकांनी ती ओळ कोरी सोडली आहे.

दुसरा कायदा जैविक विविधता कायदा २००२. त्याखाली जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही तयार करते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर २०२० च्या सुमाराला देशभर या समित्या घाईघाईने झाल्या. तुमच्या ग्रामपंचायतीतही झाली असेल. सदस्य कोण आहेत ते विचारा. तुमचंच नाव तुम्हाला न विचारता त्यात असू शकतं.

याच कायद्यावरून उत्तराखंडात खटला झाला. राज्याच्या जैवविविधता मंडळाने दिव्य फार्मसीकडे लाभातला वाटा मागितला. कंपनीचं म्हणणं, आम्ही भारतीय, आम्हाला वाटा लागू नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं की भारतीय कंपन्यांनाही वाटा द्यावा लागेल. चांगला निकाल होता. पण २०२३ साली संसदेने कायदा बदलला. ग्रंथांत लिहिलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सूट दिली.

याचा अर्थ आपल्यासाठी काय? मालकांगोणी आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. उद्या कंपनी म्हणेल, आम्ही ज्ञान पुस्तकातून घेतलं, तुमचा संबंध काय? इथे ज्ञानाचा हक्क लटपटतो. पण बी कुठून आली? ती काही पुस्तकातून आली नाही. ती आपल्या डोंगरातल्या वेलावरून आली. ज्या गावाकडे सामूहिक वनहक्क आहे, ते गाव म्हणू शकतं की बी आमच्या मालकीची, ग्रामसभेच्या परवानगीशिवाय पोतं हलणार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, आणि त्या गावाने पुढे बांबू स्वतः विकून दाखवला. जे बांबूचं झालं ते बियांचं होऊ शकतं. ज्या गावाकडे हक्क नाही ते गाव मात्र व्यापारी देईल तो भाव घेऊन गप्प बसेल.

आणि भगतांनी जे कुठल्याच ग्रंथात नाही ते सांगितलं असेल, अमुक मुळाबरोबर तमुक साल, अमावास्येनंतर काढलेली, तर ते ज्ञान नक्की आपलं आहे. ते एकट्याने सांगायचं नाही.

माणसांवर परीक्षा करायची म्हटली तर

एक जुनी गोष्ट विसरू नका. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींवर एका लसीचा प्रयोग झाला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. खम्ममला वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांच्या ऐवजी वॉर्डन-मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे मारले. लस चांगली की वाईट, हा वेगळा वाद. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा मुद्दा.

विसरण्याच्या आजारात तर रोग्यालाच समजून सही करता येत नाही. त्याच्या वतीने घरच्याला करावी लागते. म्हणून इथे दुप्पट सावध राहायला पाहिजे. कागद आपल्या बोलीत वाचून दाखवला पाहिजे, त्याची प्रत घरी राहिली पाहिजे, कधीही नको म्हणता आलं पाहिजे, आणि अपाय झाला तर उपचार व भरपाई करणाऱ्याने दिली पाहिजे. हे कुणाच्या मेहेरबानीने मिळत नाही, औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत ते आहे.

ग्रामसभांपुढे ठेवायचा ठराव

अभ्यासगट खालील मुद्दे मांडतो. प्रत्येक ग्रामसभेने यावर बोलावं, कमीजास्त करावं, आणि ठराव करून संघटनेकडे प्रत पाठवावी.

१. वनस्पतींची माहिती विचारायला येणाऱ्याने आधी ग्रामसभेत यावं. कोण, कुठल्या संस्थेचा, पैसा कुणाचा, माहिती कुठे जाणार, हे लेखी द्यावं.

२. भगत, वैदू, सुईणी यांची वेगळी बैठक आधी व्हावी. त्यांचा होकार नसेल तर ग्रामसभेनेही होकार देऊ नये. काणींची फूट आपल्याकडे पडू द्यायची नाही.

३. नेलेल्या प्रत्येक नमुन्याची एक जोडी गावात राहील, आणि वहीत गाव व सांगणाऱ्याचं नाव लागेल.

४. निकाल काहीही येवो, तो मराठीत लिहून गावात येऊन सांगावा. परीक्षेत झाड नापास झालं तरी सांगावं.

५. लाभ झाला तर वाटा ग्रामसभेच्या कोषात यावा, कुणा एकाच्या खिशात नाही. मतलब फक्त पैशाशी नाही. त्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तपासणीची सोय झाली तर तोही वाटाच आहे.

६. मालकांगोणीचा वेल बीसाठी कोयत्याने तोडून खाली ओढायचा नाही. फळं पिकल्यावरच तोडायची आणि चौथा हिस्सा वेलावर पाखरांना व रुजायला ठेवायचा. भाव चढला की आधी वेल जातो. हा नियम बाहेरच्याला आणि घरच्यालाही.

७. गावाची वनस्पतींची वही गावानेच लिहायची, पोरांनी विचारायचं, म्हाताऱ्यांनी सांगायचं. काय उघडं ठेवायचं आणि काय झाकून, ते ग्रामसभा ठरवील.

८. सामूहिक दाव्याच्या फॉर्मवर 'के' ची ओळ कोरी सोडायची नाही. ज्यांचे दावे गेले आहेत त्यांनी पुरवणी अर्ज द्यायचा.

शेवटचं एक. हे सगळं जपायचं ते कशासाठी, हा प्रश्न तरुण पोरं विचारतात. गोळ्या येतीलच ना बाजारात, म्हणतात. येऊ देत. पण आज ज्यांच्या डोक्यात हे सगळं आहे ते सत्तर-पंचाहत्तरीचे आहेत, आणि आजार होतो तोही त्याच वयात. शंभरात सात-आठ. त्यातला एखादा आपल्या पाड्यावरचा वैदू असेल. त्याचं विसरणं सुरू झालं की त्याच्याबरोबर कुठला वेल कुठल्या कड्यावर आहे तेही जाईल, आणि ते परत आणायला कुठलीच गोळी नाही. म्हणून वही या पावसाळ्याच्या आधी सुरू करा. दाव्याच्या नकाशावर आपण देवाची जागा, स्मशान, पाणवठा दाखवतो. त्यात औषधाच्या जागाही धरा, पण गटाने, मोघम, कुणाला सरळ चालत जाता येईल अशा नाहीत.

आणि ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी त्याला कोंडू नका, मारू नका, त्याच्यावर हसू नका. हरवला तर सगळ्या पाड्याने शोधायचा. एवढं करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

ठरावाचा नमुना मागच्या पानावर आहे. येत्या ग्रामसभेत मांडा.

जिंदाबाद!